मोळीची तारीख का हुकते? वेळापत्रक, काँप्युटर आणि आपण



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले आणि त्यांनी विचारले, "काँप्युटर आणला, दुरुस्तीचं वेळापत्रक त्याच्यावर घातलं, मग मोळी आठ दिवस उशिरा का पडली? काँप्युटर नव्हता तेव्हा बरं होतं की!" सभेत हशा झाला. पण प्रश्न रोखठोक होता आणि रास्तही होता. व्यासपीठावरून मिळालेले उत्तर थोडक्यात होते आणि मागच्या रांगांपर्यंत ते पोचलेही नसावे. म्हणून या अंकाच्या अभ्यास-पाठासाठी आम्ही तोच विषय घेतला आहे.

आठ दिवस म्हणजे काय, हे आपणाला सांगायला नको. रोज अडीच हजार टन गाळणाऱ्या कारखान्याचे आठ दिवस म्हणजे वीस हजार टन ऊस. हा ऊस कुठे जात नाही. तो कुणाच्या तरी शेतात उभा राहतो आणि हंगामाच्या शेपटाला, उन्हाच्या तडाख्यात तुटतो. वजन घटते, पाचट वाळते, तोडणीच्या टोळ्यांना गावाची ओढ लागते, आणि मागे राहिलेल्याचा खोडवाही मागे पडतो. तेव्हा तारीख हुकण्याचा हिशोब शेवटी सभासदाच्याच बांधावर येतो.

वेळापत्रक म्हणजे नुसती तारखांची यादी नव्हे

पूर्वी चीफ इंजिनिअरच्या खोलीत भिंतीवर एक मोठा तक्ता असे. डाव्या बाजूला कामे, वर आठवडे, आणि मध्ये रंगीत पेन्सिलीने ओढलेले पट्टे. अशा तक्त्याला गँट तक्ता म्हणतात. हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो कारखान्यांत रूढ केला. तक्ता चांगला, पण त्यात एक उणीव होती. कोणते काम कोणत्या कामावर अडून आहे ते पट्ट्यांवरून दिसत नसे.

ती उणीव पुढे १९५७ च्या सुमारास भरून निघाली, आणि गंमत अशी की ती भरून निघाली कारखान्याच्या दुरुस्तीच्याच कामातून. अमेरिकेतील ड्यूपाँ या रासायनिक कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या काँप्युटर कंपनीचे जेम्स केली यांनी मिळून 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत बसवली. लुईव्हिल येथील कारखाना देखभालीसाठी बंद ठेवावा लागे, त्याला सरासरी १२५ तास लागत. या पद्धतीने आखणी केल्यावर ते काम ९३ तासांवर आले. लगोलग १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' नावाची तशीच पद्धत काढली. आज काँप्युटरवर वेळापत्रकाचा कुठलाही प्रोग्रॅम घ्या, त्याच्या पोटात हेच गणित आहे.

हे गणित अवघड नाही. आपल्याच बिगर हंगामाचे एक सोपे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

१) मिल खोलणे : १० दिवस.
२) रोलर बाहेरच्या वर्कशॉपला पाठवून दुरुस्त करून आणणे : ४५ दिवस. (१ नंतर)
३) बेअरिंगची तपासणी व दुरुस्ती : २० दिवस. (१ नंतर)
४) मिल जोडणे : १५ दिवस. (२ आणि ३ नंतर)
५) बॉयलरची साफसफाई व नळ्या बदलणे : ४० दिवस.
६) बॉयलरची पाण्याच्या दाबाची चाचणी व निरीक्षकांची तपासणी : १० दिवस. (५ नंतर)
७) उसाविना यंत्रे चालवून बघणे : ५ दिवस. (४ आणि ६ नंतर)

आता वाटा मोजा. रोलरची वाट १० + ४५ + १५ + ५ म्हणजे ७५ दिवस. बेअरिंगची वाट १० + २० + १५ + ५ म्हणजे ५०. बॉयलरची वाट ४० + १० + ५ म्हणजे ५५. सर्वांत लांब वाट रोलरची, म्हणून मोळी ७५ दिवसांच्या आत पडणार नाही. या लांब वाटेलाच क्रिटिकल पाथ म्हणतात. बॉयलरला २० दिवसांची सवड आहे, बेअरिंगला २५ दिवसांची. रोलरला एक दिवसाचीही नाही.

याचा अर्थ असा की बॉयलरचे काम सहा दिवस लांबले तर मोळीला धक्का लागत नाही. पण रोलर सहा दिवस उशिरा आले तर मोळी सहा दिवस पुढे गेलीच म्हणून समजा. ज्याला ही लांब वाट ठाऊक नाही तो सगळ्या खात्यांना सारखाच ओरडत बसतो. ज्याला ठाऊक आहे तो वर्कशॉपच्या दारात जाऊन बसतो.

मग काँप्युटर चुकतो कुठे?

काँप्युटर बेरीज चुकत नाही. आपण त्याला जे सांगतो, किंवा सांगायचे विसरतो, तिथे चूक होते. गेल्या काही वर्षांत आम्हाला जे दोष सापडले ते क्रमाने देत आहोत.

पहिला दोष सुट्टीचा. बहुतेक प्रोग्रॅम परदेशी रिवाजाने सोमवार ते शुक्रवार काम आणि शनिवार-रविवार सुट्टी असे धरून चालतात. आपली सुट्टी एकच, तीही बाजारच्या दिवशी, गुरुवारी. वरचे ७५ दिवसांचे काम सोमवारी सुरू केले तर आपल्या रिवाजाने ते ८७ व्या दिवशी संपते. तेच पाच दिवसांच्या आठवड्याने मोजले तर १०३ वा दिवस उजाडतो. सोळा दिवसांचा फरक, आणि काम मात्र तेवढेच! तेव्हा पहिल्या दिवशी पहिले काम म्हणजे प्रोग्रॅममधले कॅलेंडर उघडून बघणे. सणावाराच्या सुट्ट्याही त्यात घालाव्या लागतात.

दुसरा दोष पाळ्यांचा. 'एक दिवस' म्हणजे किती तास, हे प्रोग्रॅमला वेगळे सांगावे लागते. सहसा तो आठ तास धरतो. आपण कॅलेंडरमध्ये दोन पाळ्या घातल्या, म्हणजे सोळा तास, पण दिवसाचे माप आठ तासच ठेवले, तर दहा दिवसांचे काम तो पाच दिवसांत उरकून दाखवतो. कागदावर आनंदीआनंद, आणि मिलमध्ये निम्मे काम बाकी!

तिसरा दोष हाताने घातलेल्या तारखांचा. हा फार सर्रास होतो. कारकून हौसेने प्रत्येक कामापुढे तारीख टंकतो. प्रोग्रॅम त्याचा अर्थ असा घेतो की 'या तारखेच्या आधी हे काम सुरू करू नये.' मग आधीचे काम चार दिवस लवकर संपले तरी पुढचे काम हलत नाही, आणि मिळवलेले चार दिवस वाया जातात. ही म्हणजे दावणीला बांधलेल्या बैलाला 'चल' म्हणण्याची तऱ्हा. नियम सोपा आहे. दिवस भरा, कशानंतर काय ते भरा, तारीख प्रोग्रॅमला काढू द्या. अमुक तारखेच्या आत काम झालेच पाहिजे असे असेल तर ती 'डेडलाइन' म्हणून वेगळी नोंदवता येते. ती कामाला बांधून ठेवत नाही, फक्त हुकली की खूण दाखवते.

चौथा दोष तुटक्या साखळीचा. एखाद्या कामाला मागेही कुणी नाही आणि पुढेही कुणी नाही, असे लोंबते काम कितीही लांबले तरी मोळीची तारीख ढिम्म हलत नाही. गव्हाणीच्या पट्ट्यांचे काम एका वर्षी असेच लोंबत राहिले होते. प्रोग्रॅमच्या मते गव्हाण नसली तरी गाळप सुरू होणार होते! म्हणून शेवटच्या चाचणीखेरीज प्रत्येक कामाच्या पुढे काही ना काही असलेच पाहिजे. उलट कधी साखळी गोल फिरते. अ नंतर ब, ब नंतर क, आणि क नंतर पुन्हा अ. प्रोग्रॅम ते स्वीकारत नाही आणि तक्रार करतो. तशी तक्रार आली की शेवटचा जोड तपासावा, बहुधा तोच उलटा पडलेला असतो.

पाचवा दोष माणसांचा आणि क्रेनचा. कागदावर दोन मिल एकाच दिवशी उघडतात. पण मिल हाउसमध्ये क्रेन एकच, आणि तिच्यावर हात बसलेला माणूसही एकच. क्रेनची नोंद प्रोग्रॅममध्ये केली तरच 'एका वेळी दोन ठिकाणी क्रेन लागते आहे' असे तो दाखवील. मग एक काम पुढे सरकवावे लागते. तेही प्रोग्रॅम आपणहून करू शकतो, पण त्याने काय सरकवले हे डोळ्यांखालून घातल्याशिवाय मान्य करू नये. तसेच, माणसे वाढवली की काही प्रोग्रॅम दिवस आपोआप कमी करतात. पाच कोयते जादा लावले तर फड लवकर तुटेल हे खरे, पण पाच शिपाई उभे केले म्हणून बॉयलर लवकर थंड होत नाही. कुठल्या कामाला माणूसबळ लागू पडते आणि कुठल्या नाही, हे मिस्त्रीला विचारूनच भरावे.

सहावा दोष प्रगतीचा. 'काम निम्मे झाले' ही नोंद फार फसवी. नळ्या निम्म्या बदलल्या, पण उरलेल्या निम्म्या अडचणीच्या जागी असतील तर दिवस निम्मे उरत नाहीत. म्हणून खातेप्रमुखाला 'किती झाले?' विचारू नये, 'आजपासून किती दिवस राहिले?' विचारावे आणि तेच भरावे. आणि सुरुवातीला ठरलेले मूळ वेळापत्रक जपून ठेवावे. त्याला 'बेसलाइन' म्हणतात. ती नसेल तर तारीख रोज थोडी थोडी सरकते आणि किती सरकली ते कुणालाच कळत नाही.

नवी आवृत्ती आणि आपले आठ दिवस

आता सभेतल्या मूळ प्रश्नाकडे वळू.

प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की ती घ्यावी लागते. जुनीला कंपनीचा आधार राहत नाही, नव्या मशीनवर ती कधी चालतही नाही. पण आवृत्ती बदलणे म्हणजे घरातले भांडे बदलणे नव्हे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट हा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा प्रोग्रॅम घ्या. डॉसवर चालणारी त्याची पहिली आवृत्ती १९८४ ची. २०१० च्या आवृत्तीत त्यात एक मोठा बदल झाला. नव्याने टाकलेले काम आपोआप 'हाताने चालवायचे' या प्रकारात जाऊ लागले. म्हणजे आधीचे काम लांबले तरी या कामाची तारीख आपण होऊन बदलत नाही. सुरुवातीला अंदाज बांधताना ही सोय चांगली आहे. पण ती आहे हे ठाऊक नसेल तर घात होतो.

आपल्याकडे तसाच घात झाला. गेल्या बिगर हंगामात, काम ऐन रंगात असताना, वेळापत्रकाच्या प्रोग्रॅमची आवृत्ती बदलली गेली. जुनी कामे जशीच्या तशी आली. नंतर मिल जोडणीचे एक काम मोडून त्याची चार लहान कामे नव्याने टाकली गेली, आणि ती चारही हाताने चालवायच्या प्रकारात गेली. पुढे रोलर वर्कशॉपमधून कामाचे सात दिवस उशिरा आले. त्याची नोंद झाली. पण जोडणीची चार कामे खुंट्याला बांधल्यासारखी जागच्या जागी राहिली आणि पडद्यावर मोळीची तारीख तीच दिसत राहिली. दर सोमवारच्या बैठकीत आम्ही तो कागद बघत होतो आणि 'सर्व वेळेवर' असे म्हणत होतो. फोरमननी एकदा म्हटलेही, "साहेब, रोलर आत्ता आले, तारीख तीच कशी?" आम्ही कागदाकडे बोट दाखवले. चूक कळली तेव्हा पंधरवडाच उरला होता. कामाचे सात दिवस आणि मधला एक गुरुवार, असे आठ दिवस गेले.

ही चूक आमची. नव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात तो बदल स्पष्ट लिहिला होता, आम्ही वाचला नव्हता. आणि जाणत्या माणसाने शंका काढली तेव्हा माणसापेक्षा कागदावर विश्वास ठेवला. रोलर उशिरा येणार हे वेळेवर तारखेत उतरले असते तर जोडणीला दुसरी पाळी लावून बरेचसे दिवस भरून काढता आले असते. सभासदांपुढे हे सांगताना संकोच वाटतो, पण लपवून शिकता येत नाही.

आवृत्ती बदलताना पाळायचे नियम

यंत्र दुरुस्त केल्यावर आपण एकदम ऊस टाकत नाही, आधी मोकळे फिरवून बघतो. प्रोग्रॅमलाही तोच न्याय लावायचा.

एक. चालू कामाच्या मध्यात आवृत्ती बदलायची नाही. गाळप सुरू होऊन स्थिरावले की दुरुस्तीच्या वेळापत्रकाला उसंत असते, तेव्हा बदलायची.

दोन. आधी जुन्या फाईलची प्रत वेगळी काढून ठेवायची. नवी आवृत्ती जुनी फाईल सहसा उघडते, पण नव्या आवृत्तीत साठवलेली फाईल जुनीत उघडेलच असे नाही. जुन्या स्वरूपात साठवली तरी नव्या सोयी गळून पडतात. प्रोजेक्टची २०१० ची फाईल २००७ च्या स्वरूपात साठवली की हाताने चालवायची कामे आपोआप चालणाऱ्या प्रकारात बदलतात आणि तारखा हलू शकतात. म्हणून इंजिनिअरिंग खात्यात एक आवृत्ती आणि स्टोअरमध्ये दुसरी, असे कधीच ठेवू नये.

तीन. बदलण्यापूर्वी जुन्या आवृत्तीतून पाच रकाने छापून घ्यायचे : काम, दिवस, सुरुवात, शेवट, आणि कशानंतर. बदलल्यावर तेच पाच रकाने पुन्हा छापायचे. दोन माणसांनी समोरासमोर बसून एकाने वाचायचे, दुसऱ्याने खूण करायची. खतावणी ताडून बघावी तसे. एकही तारीख वेगळी दिसली तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचे नाही.

चार. कॅलेंडर, दिवसाचे तास आणि नव्या कामाचा प्रकार, या तीन गोष्टी प्रत्यक्ष उघडून बघायच्या. काही मांडण्या फाईलमध्ये असतात, काही त्या मशीनमध्ये. मशीन बदलले की मशीनमधल्या मागेच राहतात.

पाच. तारखेची लिहिण्याची पद्धत बघायची. आपण आधी दिवस लिहितो, अमेरिकन रिवाजात आधी महिना. ०५/१० म्हणजे आपली ५ ऑक्टोबर, त्यांचा १० मे. बिगर हंगामात या दोन्ही तारखा खऱ्या वाटतात, म्हणून ही चूक डोळ्यांना लवकर दिसत नाही. महिना अक्षरांत दिसेल अशी मांडणी ठेवावी.

सहा. शेवटी एक चिमटा काढून बघायचा. रोलरच्या कामात दहा दिवस वाढवायचे. मोळीची तारीख पुढे गेली तर साखळी जिवंत आहे. हलली नाही तर कुठेतरी खुंटा ठोकलेला आहे, तो शोधायचा. बघून झाले की ते दहा दिवस काढून टाकायचे. या एका चाचणीला दोन मिनिटे लागतात. गेल्या वर्षी ती केली असती तर आठ दिवस गेले नसते.

सभासदाचा यात काय संबंध?

संबंध दोन ठिकाणी आहे. पहिला म्हणजे आपली ऊस नोंद. तोडणीचा क्रमही आता काँप्युटरच लावतो, आणि तोही असाच भरलेल्या माहितीवर चालतो. लागणीची तारीख, जात, क्षेत्र, आडसाली की सुरू की खोडवा, यांतले एक जरी चुकले तरी पाळी चुकते. तेव्हा नोंदीची पावती घरी गेल्यावर कपाटात टाकू नका. गट ऑफिसमधून निघण्यापूर्वी तारीख आणि जात वाचून बघा. को ८६०३२ च्या जागी फुले २६५ पडली असेल तर त्याच दिवशी दुरुस्त करता येते. तोडणीच्या तोंडावर मग भांडण होते.

दुसरा संबंध सभेचा. पुढच्या सभेत 'मोळी कधी?' एवढेच विचारू नका. 'लांब वाट कोणती, आणि तिथे किती दिवस राहिले?' असे विचारा. त्याचे उत्तर आम्हाला देता आले नाही, तर वेळापत्रक नुसते भिंतीला लावले आहे असे खुशाल समजा.

घरचा अभ्यास

प्रश्न १. वरच्या उदाहरणात बेअरिंगचे काम २० ऐवजी ४० दिवस चालले, तर मोळी किती पुढे जाईल?

प्रश्न २. जादा पैसे मोजून रोलरचे काम ४५ ऐवजी २० दिवसांत करून घेतले, तर २५ दिवस वाचतील का?

उत्तरे. १) पुढे जाणार नाही. बेअरिंगची वाट ७० दिवसांची होते, तरी ७५ च्या आतच राहते. पाच दिवसांची सवड उरते. २) नाही, वीसच वाचतील. रोलरची वाट ५० दिवसांवर येते, पण बॉयलरची ५५ दिवसांची असल्याने आता तीच लांब वाट होते. शेवटच्या पाच दिवसांसाठी मोजलेला पैसा वाया जाईल.

या पाठावर शंका असतील तर गट ऑफिसात लिहून द्याव्यात. पुढच्या अंकात उत्तरे देऊ. यंदाचे दुरुस्तीचे वेळापत्रक, लांब वाट लाल रेघेने दाखवून, कारखान्याच्या फाटकाजवळच्या फलकावर लावले आहे आणि दर सोमवारी ते बदलले जाईल. ऊस घालायला नाही तरी कामानिमित्त येणे होईलच, तेव्हा जाता-येता नजर टाकावी आणि चूक दिसली तर सांगावी. कागदापेक्षा माणसाचे ऐकायचे, एवढे तरी आम्ही शिकलो आहोत.